पाळी चुकण्याआधीची गोष्ट

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने एकामागून एक लागतात. आता इथे उंच इमारती झाल्या, कारखाने झाले. तरी स्टेशन सोडून थोडे आत गेले की भातखाचरे दिसतात. तेव्हा भाताची लावणी कशी होते ते तुम्हाला सांगायला नको. आधी राब भाजायचा. त्यात बी पेरायचे. रोप वीतभर वर आले की ते उपटायचे आणि खाचरात लावायचे. बी रुजते एका जागी आणि पीक वाढते दुसऱ्या जागी.

आईच्या पोटात मूल राहते तेव्हा असेच होते. गर्भ धरतो एका जागी. मग तो प्रवास करून दुसऱ्या जागी जातो आणि तिथे रुजतो. हे सारे पाळी चुकण्याच्या आधी होते. बाईला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. पण याच दिवसांत पुढच्या पुष्कळ गोष्टी ठरून जातात. म्हणून हा धडा बायांनी वाचावा आणि बाप्यांनीही वाचावा.

दोन बीजे

बाईच्या ओटीपोटात मधोमध एक पिशवी असते. तिला गर्भाशय म्हणतात. ती उलट्या धरलेल्या पेरूएवढी असते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी निघते. ती गर्भनळी. प्रत्येक नळीच्या टोकापाशी बदामाएवढा एक बीजकोश असतो. स्त्रीबीजे या बीजकोशांत असतात. मुलगी जन्मते तेव्हाच ती तिच्या अंगात असतात. ती वयात आली की साधारण दर महिन्याला एक बीज पिकते आणि बाहेर पडते.

हे बीज किती मोठे असते? अशी आठ-दहा बीजे एका ओळीत ठेवली तर मोजपट्टीवरचा एक मिलिमीटर भरतो. बाहेर पडल्यावर ते जास्तीत जास्त एक दिवस जगते.

पुरुषबीज त्याहूनही पुष्कळ लहान. ते डोळ्यांना दिसत नाही. एका वेळी कोट्यवधी पुरुषबीजे निघतात. त्यांतली काहीशेच गर्भनळीच्या टोकापर्यंत पोचतात, आणि स्त्रीबीजात शिरते ते एकच. बाईच्या अंगात पुरुषबीज चार-पाच दिवस जगू शकते.

दोन बीजे एक झाली म्हणजे गर्भ धरला. स्त्रीबीजात २३ बारीक धागे असतात. पुरुषबीजातही २३ असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. दोन्ही मिळून ४६ होतात. मुलाचा रंग, केस, उंचीचा कल या धाग्यांवर लिहिलेला असतो. अर्धे लिखाण आईचे, अर्धे बापाचे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मुलगा की मुलगी हेही याच घडीला ठरते. या धाग्यांतला एक धागा दोन तऱ्हांचा असतो, एक्स आणि वाय. आईच्या बीजात नेहमी एक्सच असतो. बापाच्या काही बीजांत एक्स असतो, काहींत वाय. एक्सवाले बीज शिरले तर मुलगी. वायवाले शिरले तर मुलगा. म्हणजे मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणे हा अन्याय आहे. तिच्याजवळ वाय नसतोच, तर ती देणार कुठून? आणि बापाच्याही हातात काही नसते. कोणते बीज आधी पोचेल हे कुणाला ठरवता येत नाही. पोटात काय आहे हे तपासून सांगणे हा गुन्हा आहे. त्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि साऱ्या देशासाठी संसदेने १९९४ साली कायदा केला.

अर्ध्या वितीची वाट

दोन बीजे भेटतात ती गर्भनळीत. गर्भाशयात नाही. नळी आहे साधारण अर्ध्या वितीची. पण तेवढी वाट चालायला गर्भाला चार दिवस लागतात. नळीच्या आत बारीक केसांसारखी लव असते. ती त्याला हळूहळू पुढे ढकलते.

या वाटेवर तो वाढत असतो. पहिल्या दिवसानंतर एकाच्या दोन पेशी होतात. पेशी म्हणजे शरीराची वीट. दोनाच्या चार, चाराच्या आठ. तिसऱ्या दिवशी आठ पेशी होतात. चौथ्या दिवशी तो तुतीच्या फळासारखा दिसतो. पण गंमत अशी की, तो अजून आकाराने मोठा झालेला नसतो. एकाच भाकरीचे तुकडे करावेत तसे हे चालते. तुकडे वाढतात, भाकरी तेवढीच.

पाचव्या दिवशी आत पाणी साठते. मग पेशींचे दोन गट पडतात. आतल्या गटातून मूल तयार होते. बाहेरच्या गटातून वार तयार होते.

कुणी म्हणेल, पोटाच्या आतले हे कुणी पाहिले? माणसांनी पाहिले आहे. ज्यांच्या गर्भनळ्या बंद असतात अशा बायांचे बीज बाहेर काढून काचेच्या बशीत पुरुषबीजाशी मिळवतात आणि मग गर्भाशयात ठेवतात. इंग्लंडात अशी पहिली मुलगी जुलै १९७८ मध्ये जन्मली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्याला डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साधले. मुंबईच्या परळमधील के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सोबत्यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशी मुलगी जन्मली. बशीतला गर्भ दुर्बिणीतून दिसतो. त्याच्या पेशी मोजता येतात.

गर्भाची लावणी

सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला चिकटतो. अस्तर या वेळी मऊ आणि रक्ताने भरलेले असते. जणू चिखलणी केलेले खाचर. गर्भ त्यात शिरतो आणि मुळे सोडावीत तसे बारीक कोंब सोडतो. बाराव्या दिवसाच्या सुमारास तो पुरता आत रुतलेला असतो. ही खरी लावणी.

दर महिन्याला हेच अस्तर पाळीच्या वेळी गळून पडते. मग आता ते गळत का नाही? कारण गर्भ निरोप पाठवतो. त्याच्या बाहेरच्या पेशी एक रस तयार करतात. तो आईच्या रक्तातून बीजकोशापर्यंत पोचतो. जिथून बीज सुटले होते तिथे एक पिवळी गाठ राहिलेली असते. हा रस पोचला की ती गाठ सुकत नाही. ती आपला रस देत राहते आणि अस्तर टिकते. म्हणून पाळी येत नाही.

हाच गर्भाचा रस आईच्या लघवीत उतरतो. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उठतात त्या यामुळे. पाळी चुकली की सकाळची पहिली लघवी घेऊन ही तपासणी करावी. पट्टी आशाताईकडे मागा. एकच रेघ आली आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा.

दिवस कसे मोजावेत

इथे एक घोटाळा होतो. त्यातून घरात भांडणे झाली आहेत.

समजा, नवरा ट्रक चालवतो. तो तीन आठवड्यांपूर्वी घरी आला. बायको दवाखान्यात जाते. डॉक्टर कागदावर लिहितात, पाच आठवडे. नवरा बोटे मोजतो आणि त्याच्या मनात विष कालवले जाते.

पण त्या बाईचा काही दोष नाही. गर्भ कोणत्या दिवशी धरला हे बाहेरून कळत नाही. पाळी कधी आली ते मात्र बाई सांगू शकते. म्हणून डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ धरतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. तेव्हा कागदावरचे पाच आठवडे म्हणजे गर्भाचे तीन आठवडे. हिशेब चोख जुळतो.

बाळंतपणाची तारीखही अशीच काढतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख येते १७ मार्च. हे २८० दिवस होतात. आठ-पंधरा दिवस मागेपुढे होऊ शकते. म्हणून पाळीची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. आता तुम्हाला लिहिता येते. तिथे एक फुलीही पुरे.

लावणीच्या दिवसांत

हीच तारीख घेऊन पुढे जाऊ. पाळी १० जूनला आली. गर्भ २४ जूनच्या सुमारास धरला. ३० जूनपर्यंत तो अस्तराला चिकटला. पाळी यायला हवी होती ८ जुलैला. ती आली नाही. पण जुलै म्हणजे लावणीचे दिवस. बाई सकाळपासून चिखलात वाकून काम करते आहे. ती म्हणते, दगदगीने चुकली असेल, येईल आठ दिवसांत.

तेवढ्या आठ-पंधरा दिवसांत पोटात काय होते ते पाहा.

तिसऱ्या आठवड्यात गर्भाचे तीन थर होतात. वरच्या थरातून कातडी, मेंदू आणि मज्जा तयार होते. मधल्या थरातून हाडे, स्नायू, हृदय आणि रक्त. आतल्या थरातून आतडी, फुप्फुसे आणि यकृत.

बावीस-तेवीस दिवसांचा गर्भ झाला की त्याचे हृदय हलू लागते. आपल्या हिशेबाने ही १६ जुलैच्या आसपासची गोष्ट. ते हृदय अजून साध्या नळीसारखे असते.

त्याच सुमारास पाठीवरचा थर दोन्ही कडांनी वर उचलला जातो. कडा मधे येऊन मिळतात आणि एक नळी तयार होते. पोळीची गुंडाळी करावी तशी. या नळीच्या वरच्या टोकाला मेंदू होतो आणि खाली पाठीचा मज्जारज्जू होतो. २८ व्या दिवसापर्यंत ही नळी दोन्ही टोकांना बंद व्हावी लागते. म्हणजे २२ जुलैपर्यंत. ती खाली उघडी राहिली तर मूल पाठीवर फोड किंवा गाठ घेऊन जन्मते आणि पुष्कळदा त्याचे पाय लुळे पडतात. वर उघडी राहिली तर डोके पुरते तयारच होत नाही आणि मूल जगत नाही.

चार आठवड्यांचा हा गर्भ केवढा असतो? तांदळाच्या एका दाण्याएवढा. आणि बाई अजून म्हणते आहे, येईल पाळी.

परळची गोष्ट

ही नळी नीट बंद व्हावी म्हणून काही करता येते का? येते. त्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली.

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये ती काम करू लागली. त्या काळी कापड गिरण्यांत पुष्कळ बायका काम करीत. त्यांच्यासारख्या गरीब गरोदर बायकांचे रक्त फार कमी होई. त्या पांढऱ्याफटक पडत आणि कितीतरी जणी दगावत. लुसीबाईंनी या बायका काय खातात ते पाहिले. पोट कसेबसे भरे, पण ताटात भाजी आणि फळे नव्हती. त्यांनी आजाराचे मूळ जंतूंत शोधले, तसे ताटातही शोधले.

निकस अन्नावर ठेवलेल्या माकडांचे रक्तही असेच कमी होई. पाव फुगवायला यीस्ट नावाचे आंबवण वापरतात. त्याचा अर्क दिल्यावर त्यांचे रक्त सुधारले. तो अर्क मार्माइट या नावाने बाजारात स्वस्तात मिळे. मग तो आजारी बायकांना दिला. थोड्या दिवसांत त्यांना तरतरी आली. हे १९३१ साली त्यांनी छापून जगाला सांगितले.

त्या अर्कात होते तरी काय? १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले आणि त्याला फॉलिक अॅसिड हे नाव दिले. लॅटिन भाषेतल्या पान या शब्दावरून ते नाव आले. नव्या पेशी तयार व्हायला हे द्रव्य लागते. गर्भात तर घडोघडी नव्या पेशी होत असतात.

मग डॉक्टरांना वाटले, पाठीची नळी बंद होण्यासाठीही हे लागत असेल. ज्यांचे आधीचे मूल असा दोष घेऊन जन्मले होते अशा सात देशांतील १८०० हून जास्त बायका त्यांनी निवडल्या. काहींना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड दिले, काहींना दिले नाही. १९९१ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत हा दोष सुमारे ७२ टक्के कमी झाला. म्हणजे जिथे चार मुले दोषी जन्मली असती तिथे जवळजवळ तीन वाचली.

पण वेळ फार महत्त्वाची. नळी २२ जुलैला बंद होणार आणि बाई दवाखान्यात जाणार ऑगस्टात. तोपर्यंत गोळीच्या या कामाची वेळ निघून गेलेली असते. खत पिकाला वेळेवर पडावे लागते. म्हणून मूल हवे असे दोघांनी ठरवले की त्याच महिन्यापासून गोळी सुरू करावी. रोज ४०० मायक्रोग्रॅमची एक. गोळी सरकारी दवाखान्यात मागावी. ती पहिले तीन महिने घ्यावी. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक अॅसिड एकत्र असलेली गोळी देतात. आधीचे मूल असा दोष घेऊन जन्मले असेल तर मोठी मात्रा लागते. ती डॉक्टर सांगतील तशीच घ्यावी.

ताटाकडेही पाहा. पालक, मेथी, चवळी, मूग, हरभरा, शेंगदाणे यांत हे द्रव्य असते. भाजी फार वेळ उकळू नये आणि तिचे पाणी फेकू नये. त्या पाण्याबरोबर फॉलिक अॅसिडही जाते. मात्र नुसत्या भाजीवर विसंबू नका. गोळी हवीच.

पाचवा ते आठवा आठवडा

पाचव्या आठवड्यात हातांचे आणि पायांचे कोंब दिसतात. मग डोळे, कान, नाक यांची जागा ठरते. साध्या नळीसारखे हृदय आता चार कप्प्यांचे होऊ लागते. सातव्या आठवड्यापर्यंत बोटे सुटी होऊ लागतात. वरचा ओठ दोन बाजूंनी आणि मधून येऊन सांधला जातो.

काही मुलांचा ओठ फाटलेला असतो. आपल्याकडे म्हणतात, आईने ग्रहणात भाजी चिरली असेल. पण ओठ सांधायचा राहिला की तसे होते. ग्रहणाने किंवा विळीने ते होत नाही. त्या आईला दोष देऊ नये. मुलाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रियेने ओठ शिवता येतो.

आठ आठवडे पूर्ण झाले की गर्भ साधारण तीन सेंटिमीटरचा असतो. बदलापूरच्या जांभळाएवढा म्हणा. एवढ्याशा जिवात सर्व मोठ्या अवयवांची मांडणी झालेली असते. पुढचे सात महिने मुख्यतः वाढायचे आणि पक्के व्हायचे.

आईच्या अंगातही फरक पडतो. थकवा येतो, झोप येते. छाती दुखरी होते. लघवीला वारंवार जावे लागते. फोडणीचा वास नकोसा होतो, कोरड्या ओकाऱ्या येतात. हे आळसाचे सोंग नव्हे. सासूबाईंनी आपले दिवस आठवावेत. थोडे थोडे पण वारंवार खायला द्यावे. दोन जिवांची म्हणून दुप्पट खायची या दिवसांत गरज नसते. चांगले खायची गरज असते. पण पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर लगेच दवाखाना गाठावा.

काय सांभाळावे

मिश्री, तंबाखू, बिडी, दारू यांतले विष आईच्या रक्तातून गर्भापर्यंत जाते. मूल हवे असे ठरले की तेव्हाच हे सोडावे. नवऱ्याने घरात बिडी ओढू नये.

दुकानातून आपल्या मनाने गोळी आणून खाऊ नये. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी विकायला आली. पुढे मळमळीवर गरोदर बायका ती घेऊ लागल्या. त्या बायकांची हजारो मुले अनेक देशांत हातपाय खुरटलेली जन्मली. नेमके हातपाय फुटायच्या दिवसांत गोळी घेतली गेली होती. १९६१ साली ती तिथल्या बाजारातून काढून घेतली.

पण उलटेही ध्यानात ठेवा. फिट्स, साखर, रक्तदाब यांची चालू असलेली गोळी घाबरून बंद करू नका. त्याने आईचा जीव धोक्यात येतो. गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांना विचारा. ते गोळी बदलून देतील. साखर असेल तर ती आधी आटोक्यात आणा. एक्स-रे काढण्याआधी पाळी चुकली असल्यास सांगा. कारखान्यात रसायनांजवळ काम असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणखी एक तपासणी आहे ती रक्ताची. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आईबापांच्या धाग्यांतून मुलाला येतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी उल्हासनगर वसवले. सिंधी आणि इतर काही समाजांत थॅलेसेमियाचा दोष जास्त आढळतो. सिकलसेलचा दोष आदिवासी बांधवांत जास्त आढळतो. यात कुणाला कमीपणा नाही. एकाच्याच अंगात दोष असेल तर त्याला स्वतःला बहुधा काही त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघांच्याही रक्तात तोच दोष असेल, तर प्रत्येक गर्भाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी, निदान दिवस राहताच, दोघांचे रक्त तपासून घ्यावे.

धोक्याच्या खुणा

कधी कधी गर्भ नळीतच अडकतो आणि तिथेच वाढू लागतो. राबातले रोप राबातच राहावे तसे. पण नळीला एवढे ताणणे सोसत नाही. ती फुटते आणि पोटात रक्त जाते. बाहेर ते फारसे दिसतही नाही.

पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येते, चक्कर येते, घाम सुटतो, खांदा दुखतो, थोडे रक्त जाते. अशा वेळी शेकत बसू नका. अंगारा लावून वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन करा आणि तडक मोठे रुग्णालय गाठा. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. इथे एका तासाने बाई वाचते किंवा जाते.

गर्भ पडला तर काय? दिवस गेल्याचे कळल्यावर दर दहा बायांपैकी एक-दोघींचा गर्भ पहिल्या तीन महिन्यांत पडतो. बहुतेक वेळा त्याचे कारण पहिल्याच दिवशी घडलेले असते. धाग्यांची संख्या चुकलेली असते. असे बी पुढे वाढू शकत नाही. ती हंडा उचलायला गेली म्हणून, जिना चढली म्हणून, कुणाची नजर लागली म्हणून असे होत नाही. तिला धीर द्या. तिला डॉक्टरांना दाखवा. रक्त फार जात असेल किंवा ताप असेल तर उशीर करू नका. पुढच्या वेळी बहुतेक जणींचे सगळे ठीक होते.

मूल नको असेल तरी वैदूकडे जाऊ नये. काड्या, मुळ्या घालून कितीतरी बायांनी जीव गमावले आहेत. १९७१ च्या कायद्याने सरकारमान्य दवाखान्यात गर्भपात करून घेता येतो. २०२१ साली तो कायदा सुधारला. मुदत आणि अटी डॉक्टर सांगतील. लवकर जाणे बरे.

लाजून चालणार नाही

शेजारच्या कल्याणची एक मुलगी होती. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. योग्य औषधोपचार मिळाला असता तर ते वाचले असते, असे तिला वाटे. ती अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. तिचे नाव आनंदीबाई जोशी. जाण्याआधी १८८३ साली बंगालमध्ये तिने भाषण केले. बायका लाजेने पुरुष डॉक्टरांना आपले दुखणे सांगत नाहीत, म्हणून बायकांतूनच डॉक्टर व्हायला हवेत, असे तिचे म्हणणे होते.

आज लेडी डॉक्टर आहेत, नर्सबाई आहेत, आशाताई दारात येतात. त्यांच्याशी बोलायला लाजू नका. पाळी चुकली की तपासणी करा. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा आणि कार्ड घ्या. वजन, रक्तदाब आणि रक्त तपासून घ्या. नवऱ्याने बरोबर जावे. मूल दोघांचे आहे.

आठवून सांगा

१. दोन बीजे कोणत्या जागी एक होतात? गर्भ रुजतो कोणत्या जागी?
२. मुलगा की मुलगी हे कुणाच्या बीजावरून ठरते?
३. डॉक्टरांनी सात आठवडे लिहिले. गर्भ किती आठवड्यांचा झाला?
४. शेवटची पाळी ५ जानेवारीला आली. बाळंतपणाची तारीख काढा.
५. फॉलिक अॅसिडची गोळी केव्हापासून घ्यावी? का?
६. एका बाजूची कळ आणि चक्कर आली तर काय कराल?
७. आपल्या आशाताईचा फोन नंबर वहीत लिहा. तो घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.